दुसऱ्याची अनामत

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादक मंडळाच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी थोडा विस्ताराने लिहून काढला आहे.)



‘व्यवसायोपचार’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा माझी अशी समजूत झाली की, अपंग मुलांना शिवणकाम, खुर्च्या विणणे असले काही धंदे तेथे शिकवीत असावेत. मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध शाळेतील प्रथमोपचाराच्या पेटीपुरता. तेव्हा ह्या विषयावर मी बोलावे हे काही जणांना विचित्र वाटेल, आणि मेळाव्यात ते तसे वाटलेही. परंतु गेल्या दोन वर्षांत एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने मी ह्या उपचाराच्या जवळ गेलो आणि त्यात माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठीच तेथे उभा राहिलो होतो व त्याचसाठी आता लिहावयास बसलो आहे.

आधी शब्दाचा उलगडा करू. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत माणूस जी जी कामे करतो ती सारी ह्या शब्दात येतात. दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, डबा उघडणे, वहीत लिहिणे, भाकरी थापणे, एस.टी.च्या पायऱ्या चढणे. पक्षाघाताने, अपघाताने किंवा जन्मतः मेंदूला झालेल्या इजेमुळे ही कामे जमेनाशी झाली, तर ती पुन्हा कशी जमवावीत हे पाहणारे हे शास्त्र आहे. त्यासाठी कधी हाताला वळण लावतात, तर कधी वस्तूलाच वळण लावतात, म्हणजे चमच्याची मूठ जाड करतात, बटणाच्या जागी चिकटपट्टी शिवतात. आपल्या देशात ह्या शिक्षणाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती उभी करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्रीय. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा शिक्षकांना ऐकून माहीत असते. ते नाव ह्याच बाईंचे. १९५२ साली ह्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापक देशांत भारत होता.

आता मुद्द्याकडे वळतो. डॉक्टरांकडे आपली माहिती असते ती रक्ताच्या तपासणीची, क्ष-किरणाच्या फोटोची. व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे जी माहिती जाते ती निराळ्या जातीची असते. तुम्ही आंघोळ कशी करता? शौचास कोणाचा आधार घ्यावा लागतो? घास कोण भरवते? न्हाणीघराचा दरवाजा किती रुंद आहे? घरात मोरी कोठे आहे, तुम्ही निजता कोठे? हे सारे विचारल्याशिवाय त्यांना उपचार करताच येत नाही. म्हणजे जे आपण पाहुण्यापासून झाकतो, नेमके तेच त्यांच्यापुढे उघडावे लागते. पूर्वी ही माहिती कागदाच्या केस पेपरवर लिहिली जाई, तो केस पेपर कपाटात जाई व कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात. आज ती फोनमध्ये असते. हा फरक मला कळावयास एका मुलाला किंमत मोजावी लागली.

तो तेव्हा पाचवीत होता. त्याचे नाव मी येथे देणार नाही, बनावट नावही देणार नाही. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे उजवे अंग जन्मापासून कमजोर आहे. लिहितो डाव्या हाताने, अक्षर माझ्यापेक्षा बरे. परंतु उजवा हात मदतीला येत नसल्यामुळे वही सरकते, डबा उघडत नाही आणि जोर लावला की उजवे मनगट वाकून मूठ छातीशी जाते. उपचारतज्ज्ञ बाई जिल्ह्याच्या ठिकाणी. जाण्यायेण्यात त्याच्या आईचा दिवस मोडे आणि त्या दिवसाचा रोजही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दुरून फोनवर उपचार पाहण्याची पद्धत बरीच रुळली आणि पुढेही टिकली. त्यामुळे बाईंनी सुचविले की दर पंधरवड्याला एक लहानसा व्हिडिओ पाठवा, प्रत्यक्ष येणे दोन महिन्यांतून एकदा पुरेल. आईच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला. मी म्हटले, माझा फोन आहे की!

मी वर्गात दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन पाठविला. बाईंनी जे पाहिले ते मला पाच महिने रोज समोर असून दिसले नव्हते. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते! बाक उंच, पाय लोंबकळते, म्हणून सगळे बळ तोल सांभाळण्यात जाई आणि उजवा हात अधिकच ताठर होई. त्यांनी पायांखाली पाट ठेवावयास सांगितला आणि डब्याखाली ओला रुमाल, म्हणजे डबा सरकत नाही. घरी कपडे वाळत घालण्याचे चिमटे उजव्या हाताने दाबावयाचे व कणकेचा गोळा मळावयाचा. दीड महिन्यात पोराने मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा स्वतः उघडला. ज्यांना अशा कामांना लोक फोनवरचे खूळ म्हणतात असे वाटत असेल, त्यांनी तो पाट आठवावा. ऐंशी रुपयांच्या एस.टी. भाड्याच्या व बुडालेल्या रोजाच्या पलीकडचे काम त्या दोन मिनिटांनी केले होते.

माझा आनंद माझ्यात मावेना. मी पहिला व्हिडिओ आणि नवा व्हिडिओ असे दोन्ही शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले आणि खाली लिहिले, ‘जिद्द असावी तर अशी!’ हेतू कौतुकाचाच होता. त्या गटातून ते पालकांच्या गटावर गेले. कोणी तरी ते आपल्या स्टेटसला लावले. चार दिवसांनी मैदानावर तीन-चार मुले मनगट वाकवून, मूठ छातीशी धरून धावताना मी पाहिली, आणि प्रथम तो कोणता खेळ आहे हेच मला कळेना.

त्यानंतर मुलाने उजवा हात पँटच्या खिशात घातला तो काढीना. डबा घरी परत जाऊ लागला, न उघडलेला. त्याची आई शाळेत आली. भांडली असती तर मला सोपे गेले असते. ती एवढेच म्हणाली, “सर, तुम्ही वाईट केलं नाहीत. पण त्याला विचारलं होतं का?”

मी त्याला विचारले नव्हते. तिलाही विचारले नव्हते. व्हिडिओ बाईंना पाठविण्यास तिची संमती होती, तीच मी सगळ्या गावाला पुरवून वापरली होती.

आपल्याकडे ‘अनामत’ हा शब्द आहे. मूळ अरबी ‘अमानत’वरून तो मराठीत आला आणि येथलाच झाला, वसतिगृहाच्या पावतीपासून निवडणुकीच्या अर्जापर्यंत सगळीकडे तो भेटतो. अनामत रक्कम आपल्या तिजोरीत असते, पण आपली नसते. ज्या कामासाठी घेतली त्याखेरीज ती खर्चता येत नाही, काम झाल्यावर परत करावी लागते. त्या मुलाचे चित्रण माझ्या फोनमध्ये होते म्हणून ते माझे आहे असे मी धरून चाललो. शाळेच्या फीच्या बाबतीत मी असा वागलो असतो, तर मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसविले असते.

मी बाईंना फोन करून सर्व सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी प्रथम विचारले, “आणखी कोणाकोणाकडे गेला?” मी म्हणालो, मी तो सर्वांसाठी पुसून टाकला आहे. तेव्हा त्यांनी मला समजावले ते असे. गटातून आपण संदेश पुसतो, परंतु ज्याने तो आधीच उतरवून घेतला त्याच्या फोनमधील प्रत तशीच राहते. बहुतेक फोनांत चित्रे आपोआप उतरतात, आणि कित्येकांच्या फोनातून ती त्याच रात्री इंटरनेटवरील साठ्यातही जातात. व्हॉट्सअॅपचा मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरे. ते पाकिटाच्या लाखेसारखे आहे. पाकीट फोडणाराच पत्र चव्हाट्यावर लावणार असेल तर लाखेचा काय उपयोग?

मग त्या म्हणाल्या, “चूक माझीही आहे. कोणाच्या फोनवर घेणार हे मी विचारलंच नाही.” त्यांच्याही व्यक्तिगत फोनमध्ये रुग्णांची चित्रणे आणि भाच्याच्या बारशाचे फोटो शेजारी शेजारी होते. आता त्यांनी उपचारासाठी वेगळा फोन ठेवला आहे. चित्रण पाहून झाले की त्याचे निरीक्षण केस पेपरवर लिहितात आणि चित्रण पुसतात. चेहरा लागत नसेल तर घेऊ देत नाहीत. हात, टेबल आणि पाय एवढे पुरते. घरातून चित्रण यावयाचे असेल तर आधी सांगतात की मागे कोण आहे ते पाहा. घरातील बायामाणसे, उघडी मोरी, भिंतीवरचे कागद ह्यांचा उपचाराशी काय संबंध?

संमतीबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला संस्थाचालकांच्याही कानावर घालावीशी वाटते. उपचाराची संमती वेगळी, चित्रणाची वेगळी, ते विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी दाखविण्याची वेगळी आणि जाहिरातीत किंवा देणगीदारांपुढे ठेवण्याची वेगळी. इंग्रजीत छापलेल्या एकाच कागदावर खाली अंगठा घेतला म्हणजे चारही मिळत नाहीत. आणि नाही म्हणणाऱ्याचा उपचार तसूभरही कमी होता कामा नये. गरीब बाई नाही म्हणतच नाही, कारण पुढच्या वेळी आत घेतील की नाही ही धास्ती तिला असते. स्मरणिकांतून आपण शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांचे फोटो छापतो, त्यांच्याकडून होकार कसा घेतो हेही एकदा आठवून पाहावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, हे त्याचे सर्वसाधारण सूत्र. उपचार करणाऱ्यांना व शाळांना त्यांच्या कामापुरती काही सवलत आहे. ती सवलत कामापुरती आहे. माझ्या ‘जिद्द असावी तर अशी’ला ती लागू पडत नाही.

नाव काढून टाकले की भागते, असे पुष्कळांना वाटते. मुंबईत कदाचित भागेल. आमच्या गावात एक पाय आखडलेला, पाचवीतला, तांबोळ्यांच्या आळीत राहणारा मुलगा म्हटले की पुढे नाव सांगावे लागत नाही. हे नव्या यंत्रांनाही लागू आहे. इंग्रजी अहवालाचे मराठी करण्यासाठी आमच्यातील कित्येक शिक्षक तो जसाच्या तसा चॅटजीपीटीत टाकतात. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. परंतु मुलाचे नाव, शाळा, जन्मतारीख आणि आईच्या बाळंतपणाची हकीकत त्या यंत्राला कशाला? भाषांतर हवे आहे ते ‘पाय टेकतील असे आसन द्यावे’ ह्या वाक्याचे, तेवढेच टाकावे. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळविण्यासाठी शाळेत अहवाल येतात तेव्हाही हेच. जेवढे प्रमाणपत्र मागितले असेल तेवढे पुढे पाठवावे, सगळी फाईल झेरॉक्स करून शिपायाच्या हाती देऊ नये.

त्या मुलाचा हात खिशातून बाहेर यावयास साडेतीन महिने लागले. मैदानावरच्या मुलांशी मी बोललो, गटावर माफी मागितली, आणि ती मागताना त्याचे नाव पुन्हा घेतले नाही. मुलाची माफी एकट्याची मागितली. तो काही बोलला नाही. व्हिडिओ बंदच होते आणि त्याची आई पुन्हा रोज बुडवून जिल्ह्याला जात होती.

सहावीत गेल्यावर एके दिवशी तो स्वतःच म्हणाला, “सर, व्हिडिओ घ्या. पण चेहरा नको, आणि तुमच्या फोनमध्ये ठेवायचा नाही.” मी कबूल केले. घेतला, त्याला दाखविला, तो हो म्हणाल्यावर बाईंना पाठविला. त्यांचे ‘पाहिला’ असे उत्तर येताच त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः तो पुसला, उजव्या हाताच्या अंगठ्याने. मी फोन खिशात ठेवू लागलो तर म्हणाला, थांबा. आत कोठे तरी जाऊन त्याने पुसलेल्या चित्रांची टोपली उघडली व तेथूनही तो काढून टाकला. पुसलेले चित्र तेथे महिनाभर पडून असते, हे मला त्या दिवशी कळले. त्या टोपलीत त्याच्या शिवाय आणखी अकरा मुलांची चित्रे होती.