मटाराएवढा ट्रान्झिस्टर, पाच हॉर्सची मोटार

(जिल्हा बैठकीतील भाषण)



ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला बाजेवर उशाशी ठेवलेला रेडिओ आठवतो. त्या रेडिओला नाव मिळालं ते त्याच्या पोटातल्या मटाराएवढ्या वस्तूवरून. आज बोलायचं आहे ते त्या वस्तूबद्दल.

आपल्या कोरडवाहू विहिरीला तास-दोन तासांचं पाणी. लाइट येते रात्री. पाणी तळाला गेलं आणि मोटार कोरडीच फिरत राहिली, तर सबमर्सिबलची बेअरिंगं पाण्यावाचून जळतात. कपाशी बोंडावर असताना मोटार दुरुस्तीला गेली, की ते ओलित गेलंच.

पाणी आहे की नाही हे दोन तारा सांगू शकतात. एक तळाशी, दुसरी फुटबॉलच्या जरा वर. दोन्ही पाण्यात असल्या की त्यातून थोडी वीज वाहते. पण ती इतकी क्षीण, की तिनं रिले हलत नाही. 12 व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल 400 ओहमची असली, तर तिला 30 मिलिअँपिअर लागतात.

इथे ट्रान्झिस्टर कामाला येतो. दारं धरणारा माणूस फावडंभर माती काढतो आणि सगळा दंड वाहू लागतो, तसंच हे. पाण्यातून आलेला प्रवाह एक लाख ओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यायचा. तो 3.9 किलोओहममधून दुसऱ्याच्या बेसला सुमारे 3 मिलिअँपिअर देतो, आणि दुसरा रिले ओढतो. बीसी 547 हा 100 मिलिअँपिअरपर्यंतचा, म्हणजे 30 त्याला जड नाहीत.

रिलेच्या कॉइलवर 1एन 4007 डायोड उलटा लावायचाच, पट्टीचं टोक प्लसकडे. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते. बीसी 547 जेमतेम 45 व्होल्ट सोसतो. हा दोन रुपयांचा डायोड वाचवणारे मेकॅनिक मला कधी समजले नाहीत.

आता मोटारीकडे. मोटारीची वायर रिलेतून न्यायची नाही. पाच हॉर्सची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना पाच-सहा पट. लहान रिलेचे पॉइंट चिकटून बसतील आणि मोटार बंदच होणार नाही. रिलेचे पॉइंट स्टार्टरच्या लाल बटणाच्या सिरीजमध्ये जोडा, म्हणजे ते फक्त नोव्होल्ट कॉइलची वीज तोडतील. मात्र कॉइलवर काय लिहिलंय ते आधी वाचा. ती दोन फेजांवरची 415 व्होल्टची असेल, तर 250 व्होल्ट लिहिलेला रिले तिथे चालणार नाही.

पाणी असताना रिले ओढलेला राहावा, अशी जोडणी करा. मग उंदरानं तार कुरतडली तरी मोटार थांबते. उलट जोडणीत तार तुटली, की मोटार कोरडी फिरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि 12 व्होल्ट वेगळ्या गुंडाळीच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच घ्या. मेनची वीज नुसत्या रेझिस्टर-कंडेन्सरनं कमी केलेली सर्किटं स्वस्त पडतात, पण ती तार त्याच विहिरीत सोडायची आहे जिथे आपल्या मायबहिणी घागर बुडवतात.

मोबाइलवर चालणारे ऑटो आता बाजारात आहेत. त्यांच्या पोटातही बहुधा असाच रिले असतो. हा बोर्ड टेबलावर ठेवला आहे. तारा बादलीत सोडा, मग पाणी कमी करत जा, रिलेचा टक् आवाज येईल.