शंभर टक्क्यांचा चकवा





जीवाणू ओळखायचा तर तो काचेच्या बशीत वाढवायचा, ही जुनी रीत. पण मातीतले, समुद्रातले बहुतेक जीवाणू त्या बशीत वाढायला तयारच नसतात. म्हणून आता नमुन्यातला सगळा डीएनए काढतात, त्यातले तुकडे यंत्राने वाचतात आणि कोणत्या जीवाणूचे किती तुकडे निघाले ते मोजतात. नमुने माणसांच्या आतड्यातले असतील, तर हाती येतो एक तक्ता: आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत शेकडो जीवाणू आणि बहुतेक घरांत शून्य. माणसे थोडी, रकाने उदंड. संगणकाला शिकवायला याहून अडचणीची सामग्री मिळणे कठीण.

खरी मेख पुढेच आहे. यंत्र किती तुकडे वाचणार, हे यंत्राच्या क्षमतेवर ठरते. आतड्यात जीवाणू किती आहेत यावर नाही. त्यामुळे आपल्याला कळतो तो फक्त प्रत्येकाचा वाटा. समजा, आज ‘क’ जीवाणू १०० आणि ‘ख’ही १०० आहेत. आठवड्याने ‘ख’ ३०० झाले, ‘क’ होते तेवढेच राहिले. तक्ता सांगणार, ‘क’ ५० टक्क्यांवरून २५वर आला! ‘क’च्या केसालाही धक्का लागलेला नाही, तरी ‘ख’ वाढला की ‘क’ मरतो, असे कोणीतरी लिहून मोकळा होतो. गुणोत्तरांतून असे खोटे सहसंबंध उगवतात, हे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच बजावले होते. उपाय १९८०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी दिला. टक्के सोडा, दोन घटकांचे गुणोत्तर घ्या आणि त्याचा लॉगॅरिदम काढा. तिसरा कितीही माजला तरी त्या दोघांमधले गुणोत्तर हलत नाही. खडकांच्या रासायनिक घटकांसाठी वापरली जाणारी ही युक्ती जीवाणूवाल्यांनी मनावर घ्यायला बरीच वर्षे गेली. शिवाय शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही आणि आपला तक्ता तर शून्यांनीच भरलेला. मग शून्याच्या जागी एखादा चिमुकला आकडा बसवावा लागतो. तो केवढा, हे संगणक ठरवत नाही, आपण ठरवतो.

आता या तक्त्यावरून माणसांचे गट पाडण्याकडे वळू. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या पीअर बोर्क यांच्या चमूने ‘नेचर’मध्ये लिहिले, की आतड्यातल्या जीवाणूंच्या वस्तीचे तीन प्रकार दिसतात: एकात बॅक्टेरॉइडिसचा जोर, दुसऱ्यात प्रिव्होटेलाचा, तिसऱ्यात रुमिनोकॉकसचा. मुख्य आधार ३९ नमुन्यांचा होता. रक्तगटासारखे पोटाचेही गट, अशा बातम्या झळकल्या. पण गट पाडणाऱ्या पद्धतीला गट पाड म्हटले की ती पाडतेच. शाळेतल्या मुलांच्या उंचीचे तीन गट मागा, उंच-मध्यम-बुटके असे तीन मिळतील. म्हणून मुले तीन जातींची ठरत नाहीत. २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नमुन्यांमधले अंतर मोजायचे माप बदलून पाहिले, तर गटांची संख्याही बदलू लागली. अनेक ठिकाणी भिंती नव्हत्याच, उतार होता. २०१८ मध्ये मूळ चमूतले आणि टीका करणारे एकत्र आले आणि ‘दाट वस्तीचे भाग’ अशा सौम्य भाषेवर समेट झाला. मला हा समेट पटतो. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांच्या २०१९च्या अभ्यासात भोपाळकरांकडे प्रिव्होटेला भरपूर निघाला, तेव्हा धान्य-डाळींच्या आहाराशी त्याचा संबंध जोडता आला. त्यासाठी पोटाला जात चिकटवायची गरज नव्हती.

यंत्रशिक्षणाची, म्हणजे संगणकाला आकड्यांवरून शिकवण्याची, मोठी फजिती मात्र कर्करोगाच्या बाबतीत झाली. २०२० मध्ये ‘नेचर’मध्येच दावा आला, की गाठींतल्या आणि रक्तातल्या सूक्ष्मजीवांवरून ३३ प्रकारचे कर्करोग वेगळे ओळखता येतात. अचूकता थक्क करणारी. २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने मूळ आकडे उपसले. माणसाच्याच डीएनएचे कितीतरी तुकडे जीवाणूंच्या खात्यावर जमा झाले होते. आणि प्रयोगशाळांमधले फरक सपाट करण्यासाठी केलेल्या गणिताने वेगळाच घोळ घातला होता. एका कर्करोगाची मुख्य खूण म्हणून संगणकाने निवडला होता कोळंबीवर्गीय प्राण्यांना बाधणारा एक विषाणू! मूळ मोजणीत त्याच्या रकान्यात जवळजवळ सगळी शून्ये होती. गणित उरकल्यावर त्या कर्करोगाच्या शून्यांना एक आकडा मिळाला आणि इतरांच्या शून्यांना दुसरा. संगणकाने रोग ओळखला नव्हता; उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापले गेले होते आणि त्याने ते वाचले.

२०२४ मध्ये तो २०२०चा निबंध मागे घेतला गेला. मूळ लेखकांपैकी काहींनी त्याच वर्षी नव्याने विश्लेषण करून आपला मुद्दा टिकतो, असे छापले आहे. माझा कल टीकाकारांकडे आहे. दावा करणाऱ्याने आधी रिकाम्या परीक्षानळीचा नमुना यंत्रात घालून दाखवावा आणि संगणकाने कधीच न पाहिलेल्या रुग्णालयाचे नमुने त्याच्यापुढे ठेवावेत. त्यानंतरही अचूकता टिकली, तर आपण पुन्हा बोलू.