डबा बंद पडला, तर आधी हात मागे घ्या

(कळमनुरी येथे संस्थाचालक व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी संगणक दुरुस्ती आणि बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत काढण्याचं काम करतो. आज या विषयावर बोलायचं कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. 6 जून 2025 ला केंद्र सरकारचं उमीद पोर्टल सुरू झालं, वक्फ मालमत्तांच्या नोंदी चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि गावोगावच्या कमिट्यांनी पेट्या उघडल्या. निजामाच्या काळातले उर्दू मुंतखब, नकाशे, फेरफार, जुने सातबारे, सगळं स्कॅन झालं. शाळांनी दाखल-खारिज रजिस्टरं स्कॅन केली. काम चांगलं झालं. पण ते स्कॅन आता आहेत कुठे? बहुतेक ठिकाणी एका डब्यात. ऑफिसच्या कपाटावर ठेवलेला, आत दोन, तीन किंवा चार डिस्क असलेला डबा. विकणाऱ्याने सांगितलेलं असतं, 'साहेब, रेड आहे, काळजी नको.'

रेड म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र जोडायच्या, त्या जोडणीला त्यांनी रेड हे नाव दिलं. त्यांनी एक ते पाच असे प्रकार सांगितले. 'रेड शून्य' हे नाव नंतर आलं, आणि त्यातलं शून्य खरं बोलतं. जादा सुरक्षितता शून्य.

समजा, दुकानाचा हिशेब दोन मुनीम दोन वह्यांत लिहितात. पहिली ओळ पहिल्या वहीत, दुसरी ओळ दुसऱ्या वहीत, तिसरी पुन्हा पहिलीत. दोघे एकाच वेळी लिहितात म्हणून काम झपाट्याने होतं. हे रेड शून्य. आता एक वही जळाली. उरलेल्या वहीत अर्धा हिशेब आहे असं वाटेल, पण प्रत्येक दुसरी ओळ गायब असलेला हिशेब कोण वाचणार? डिस्कवर ही 'ओळ' बहुधा 64 केबीची असते. 2 एमबीचा एक स्कॅन म्हणजे अशा 32 ओळी. एक डिस्क गेली की 16 उरतात, तीही एक सोडून एक. एखादं लहानसं पत्र एकाच ओळीत मावलं असेल तर ते सापडतं. मुंतखबाचा स्कॅन सापडत नाही.

रेड पाचमध्ये बेरजेची सोय असते. पहिल्या वहीत 7, दुसरीत 5, तर तिसरीत 12. कुठलीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोन्हींवरून ती परत लिहिता येते. यंत्र बेरजेऐवजी शून्य आणि एक यांची तुलना करतं आणि बेरजेची पाळी डिस्क बदलून येते, पण तत्त्व हेच. मात्र दोन वह्या गेल्या तर नुसत्या 12 वरून 7 आणि 5 कसे ओळखणार? 8 आणि 4 सुद्धा 12 च होतात.

आपल्याच तालुक्यातल्या एका संस्थेचा डबा माझ्याकडे आला होता. नाव घेत नाही. 2 टीबीच्या तीन डिस्क, रेड पाच. पावसाळ्यात त्यातली दुसऱ्या नंबरची डिस्क बाहेर पडली. डब्यावर लाल दिवा लागला होता, पण डबा कपाटावर आणि दिवा भिंतीकडे. काम चालूच राहिलं, कारण एक डिस्क गेली तरी रेड पाच चालतं. हिवाळ्यात एका रात्री लाईट चार-पाच वेळा गेली-आली. सकाळी तिसरी डिस्क बाहेर पडली आणि सगळं बंद. पडद्यावर प्रश्न आला, 'डिस्क नव्याने तयार करायच्या का?' तिथल्या एका मुलीने 'हो' दाबू दिलं नाही, डबा बंद केला आणि मला फोन केला. त्या संस्थेचे कागद त्या मुलीमुळे वाचले, माझं काम नंतरचं.

मी काय केलं ते सांगतो, कारण त्यात तुमच्या कामाचं आहे. आधी डिस्क काढताना प्रत्येकीवर खणाचा नंबर लिहिला. क्रम चुकला की ओळी चुकतात. मग प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत वेगळ्या, मोठ्या डिस्कवर घेतली. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आधी चांगला भाग उचलतं, अडणारे भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचून पाहतं आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतं. त्यानंतर मूळ डिस्क बाजूला ठेवल्या. पुढचं सगळं काम प्रतींवर.

आता खरी गंमत. पहिली डिस्क ठणठणीत. दुसरीही पूर्ण वाचता आली. तिसरीवर मात्र काही जागा खराब. कुणालाही वाटेल की चांगल्या दोन डिस्क घ्या, पहिली आणि दुसरी. तसं केलं असतं तर फोल्डर उघडले असते, आणि पावसाळ्यानंतरच्या फायली कचरा निघाल्या असत्या. कारण दुसरी डिस्क पावसाळ्यातच थांबली होती. तिच्यात जुनी बेरीज, पहिलीत नवे आकडे. प्रत्येक डिस्क स्वतःजवळ एक मोजणी ठेवते, शेवटचा बदल कितवा होता याची. ती मोजणी पाहिली की कोण आधी बाहेर पडलं ते कळतं. म्हणून पहिली आणि आजारी तिसरी अशी जोडी लावली. तिसरीवर जिथे वाचता येत नव्हतं, तिथे पावसाळ्यानंतर ज्या जागांवर काही नवीन लिहिलं गेलं नव्हतं, तेवढ्या जागा दुसरीच्या मदतीने भरल्या.

बहुतेक फायली उघडल्या. काही स्कॅन अर्धे निघाले. वर कागद, खाली नुसता राखाडी पट्टा. त्यातले काही मूळ कागद स्कॅन झाल्यावर घरोघरी परत दिले होते, तिथून पुन्हा मागवता आले. एकाला तोवर वाळवी लागली होती. तो जमिनीच्या हद्दीचा कागद होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात मालकाचं नाव आहे, खालच्या अर्ध्यात असलेल्या चतुःसीमा आता कुणाकडेच नाहीत.

म्हणून पहिली विनंती. डबा बंद पडला की हात मागे घ्या. 'नव्याने तयार करा', 'फॉरमॅट', 'दुरुस्त करा' यातलं काहीही दाबू नका. विंडोजची तपासणीही चालवू नका, ती तुटलेल्या रचनेलाच खरं मानून बदल करते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज लगेच बंद. आतलं वाचणारं डोकं पृष्ठभागावर घासत असू शकतं आणि प्रत्येक फेऱ्यात आणखी कागद पुसले जातात. अशी डिस्क धूळमुक्त खोलीतच उघडावी लागते. ते काम कळमनुरीत होत नाही, माझ्याकडेही नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. आणि कधी कधी डिस्क चांगल्याच असतात, नुसता डबा किंवा त्याचा ॲडॉप्टर जळालेला असतो. बरेच डबे आतून लिनक्सवर चालतात, त्यांच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकाला जोडूनही वाचता येतात. म्हणून घाबरून नवीन डब्यात घालू नका, नवा डबा त्या पुसायला निघतो.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच. चुकून पुसलेली फाईल तिन्ही डिस्कवरून एकदम पुसली जाते. चोरी, आग, व्हायरस, सगळ्यांना डबा एकच. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचं 858 टीबीचं सामायिक साठवण नष्ट झालं, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. एवढ्या पुढारलेल्या देशात हे झालं. आपल्या मंत्रालयाला 21 जून 2012 ला आग लागली, तेव्हाही ज्या फायलींची दुसरी प्रत होती त्यांनाच आधार होता.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. डब्यात एक. एक बाहेरची डिस्क, आठवड्यातून एकदाच जोडायची, एरवी कपाटात. तिसरी पासवर्ड घालून क्लाउडवर, किंवा हिंगोली-नांदेडला विश्वासू माणसाकडे. लोकांचे आधार, जन्मदाखले व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही प्रत नव्हे, तो दुसऱ्याच्या घरचा कागद चौकात टांगणं आहे.

आणि हे सगळं एकाच पोराच्या डोक्यात ठेवू नका. तो पोरगा उद्या पुण्याला नोकरीला जातो. डब्यात किती डिस्क, कोणता रेड, कोणता खण, पासवर्डचं पाकीट कुणाकडे, हे कमिटीच्या इतिवृत्तात लिहा. दोन माणसांना काम शिकवा, त्यातली एक मुलगी असू द्या. सहा महिन्यांनी एकदा प्रतीमधून दहा फायली उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.

हे कागद कमिटीचे नाहीत, लोकांचे आहेत. अमानत आहे. कुणाची जमीन, कुणाच्या लेकीचं वय, कुणाच्या आजोबाचं नाव त्यात आहे. आज घरी गेल्यावर एवढंच करा. डबा कपाटावरून खाली घ्या, दिवा आपल्याकडे येईल असा ठेवा, आणि तो हिरवा आहे का ते पाहा. लाल असेल तर उद्या सकाळी काही न दाबता मला सांगा.