धान्यातला भुंगेरा आणि उंदरातला जंत

उंदरांमुळे होणारे रोग म्हटले की अकोला-अमरावतीच्या श्रोत्यांना प्लेग आणि लेप्टोस्पायरोसिस आठवतात. परंतु उंदराच्या पोटातील जंत घरातल्या धान्यामार्फत माणसापर्यंत पोहोचू शकतात, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

‘हायमेनोलेपिस डिमिन्यूटा’ हा उंदराच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, साधारण 20 ते 60 सेंटिमीटर लांब असतो. त्याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, पिठात व डाळीत वावरणारा तांबडा भुंगेरा ती खातो आणि त्याच्या शरीरात अंड्याची अळी होते; असा भुंगेरा पोटात गेला की जंत वाढतो. मुख्य मार्गावरच्या गाडीने आलेल्या प्रवाशाला अमरावतीस जाण्यासाठी बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते, तसेच या जंताचे आहे. भुंगेऱ्याच्या बडनेऱ्यावर न उतरता थेट माणसाच्या पोटात गेलेले अंडे वाढत नाही. ‘हायमेनोलेपिस नाना’ हा बुटका पट्टकृमी मात्र थेट गाडीने येतो, कारण त्याची अंडी अस्वच्छ हातांवाटे एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात.

उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहणारा ‘अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस’ हा जंत गोगलगायीत गाडी बदलतो, आणि त्याच्या अळ्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला दाह आणतात. मुंबईतील उंदरांत तो आढळल्याचा अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला. गोगलगायी पाल्यावर असतात, म्हणून पावसाळ्यात कच्चा सांबार (कोथिंबीर) आणि पालेभाजी नीट निवडून, धुऊनच खावी.

तरीही पुन्हा सांगावयाचे ते भुंगेऱ्याविषयीच. उंदरासाठी औषध आणले जाते आणि कोठीतली कीड मात्र ‘निवडून टाकू’ म्हणून तशीच राहते, हे बरे नव्हे. बडनेरा मोकळे ठेवून अमरावतीत पहारा बसवण्यात काय अर्थ? भाकरी नीट भाजली की अळी मरते, पण परातीतले कच्चे पीठ चिमटीने तोंडात टाकणाऱ्या लेकरांचे काय? ज्वारी-तूर कडक उन्हात वाळवावी, पीठ थोडेच दळून आणावे आणि चाळून घ्यावे, डब्याचे झाकण घट्ट असावे.

शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते, तर पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध डॉक्टर देतात. म्हणूनच गोळी घेऊनही मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, तर शौचाची तपासणी करून घ्यावी. बाजारपेठेतील गोदामांचा आणि उघड्या गटारांचा विषय वेळेअभावी येथे राहतो. परंतु घरातली कोठी तपासण्यासाठी नगरपालिकेची वाट पाहण्याची गरज नाही.