कचेरीतला कुत्रा



टाटा समूहाच्या मुंबईतील बॉम्बे हाऊस या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांना आत येऊ देतात. २०१८ साली नूतनीकरण झाले तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र खोलीच केली. अकलूजमध्ये हा विषय निघाला की आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना महाड आठवते. चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होते, आम्हाला १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. हे बोचणारच. पण त्यात कुत्र्याचा काय दोष?

आमची अडचण वेगळी आहे. दिवंगत रतन टाटांना कुत्र्यांचा लळा होता. जिथे मालकालाच लळा, तिथे नको कोण म्हणणार? आपल्याकडेही साहेबांना कुत्रा आवडतो म्हणून शिपाई गप्प बसतो आणि घाण काढते झाडणारी बाई. म्हणून पहिल्यांदा तिला विचारावे, असे आम्हाला वाटते. ती नको म्हणाली, तर भाकरी-पाणी फाटकाबाहेर द्यावे. चालेल म्हणाली, तरी कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली हवीच.

आणि कुत्रा चावलाच तर मिरची-चुना लावू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.