गडांना हवेत जाणते हात

(गडसंवर्धनात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



११ जुलै २०२५ हा दिवस आपण सर्वांनी आनंदाने साजरा केला. त्या दिवशी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतील जिंजी अशी ही बारा नावे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दुर्गविचाराला जगाने केलेले हे वंदन आहे. परंतु सन्मानाबरोबर जबाबदारीही येते. हे गड पुढील शंभर वर्षे कोण राखणार आणि त्यांना ते कुठे शिकवले जाणार, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या समाजात गडांविषयी भक्तीची उणीव कधीच नव्हती. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले, तेव्हा महाराष्ट्राचे मन व्यथित झाले. १८९५ मध्ये लोकमान्यांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये प्रत्यक्ष रायगडावर उत्सव झाला. आज दर रविवारी शेकडो तरुण हातात कुदळ-फावडे घेऊन गडांवर जातात, ते त्याच परंपरेचे वारस आहेत. त्यांच्याविषयी मनात आदर ठेवूनच मी पुढील कटू गोष्ट सांगणार आहे. अभ्यासाविना केलेली सेवा कधी कधी उपेक्षेपेक्षाही अधिक हानी करते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अजिंठ्याचे आहे. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राजवटीने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना तेथील चित्रे वाचवण्यासाठी पाचारण केले. हेतू शुद्ध होता, माणसे नामांकित होती. परंतु चित्रांवर लावलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा पडला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळून गेले. तो लेप उतरवण्यासाठी आपल्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशके खर्ची घालावी लागली. दगड कोणता, गिलावा कशाचा, हवेत ओल किती, हे न जाणता केलेला उपाय दोन हजार वर्षांच्या ठेव्याला किती महागात पडतो, हे यातून शिकावे.

आता गडांकडे वळू. ढासळलेला बुरूज सिमेंटने बांधून काढणे हे अनेकांना मोठे पुण्यकर्म वाटते. आपल्या पूर्वजांनी मात्र बांधकामात चुना वापरला होता. कळीचा चुना विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा आणि मगच वापरायचा, अशी ती रीत होती. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्यांचे गोल चर आणि दगडी चाके आजही दिसतात. चुना हळूहळू हवेतील वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. कोकणातल्या पावसात ही गोष्ट प्राणासारखी मोलाची आहे. सिमेंट कठीण असते. ते ओल अडवते आणि क्षारही सोडते. मग कोंडलेले पाणी शेजारच्या जुन्या चुन्यातून आणि दगडातून वाट काढते. सिमेंट टिकते आणि शिवकालीन दगड मात्र भुगा होऊन झडतो.

हीच गोष्ट झाडांची. तटात रुजलेला पिंपळ किंवा उंबर दोर लावून उपटला, तर मुळांबरोबर चिरेही निखळून येतात. तो बुंध्याशी कापून मुळे जागीच मारावी लागतात. टाक्यातील गाळाचेही तसेच. त्या गाळात खापरे, नाणी आणि तोफगोळे थरांच्या क्रमाने पडलेले असतात. तो क्रम हाच इतिहासाचा पुरावा. गाळ उपसून दरीत लोटला, की वाचण्यापूर्वीच दप्तर जाळल्यासारखे होते. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून असे काम करणे कायद्याच्याही विरुद्ध आहे. बारा गडांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्याच्या अखत्यारीत आहेत, तर उरलेले आठ केंद्राच्या. हेही कार्यकर्त्यांना ठाऊक असावे.

दप्तराचा उल्लेख आला, म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण करतो. वाड्यावाड्यांतून धूळ खात पडलेली रुमाले त्यांनी आयुष्यभर पायपीट करून गोळा केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागदांना राजवाडे लाभले, म्हणून मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्या साधनांवरून लिहिता आला. दगडांना मात्र तेवढी चिकाटीची माणसे अजून लाभलेली नाहीत. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडत नसल्याचे सांगितले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. ज्याची नीट नोंद नाही, ते केव्हा नाहीसे झाले हेही कळत नाही.

काही जण म्हणतात की, संवर्धनाचे शास्त्र पाश्चात्त्य आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार हीच परंपरा. सर जॉन मार्शल यांची संवर्धन-पुस्तिका १९२३ ची हे खरे. परंतु आपल्या मयमतासारख्या शिल्पग्रंथातही जीर्णोद्धाराला स्वतंत्र अध्याय आहे. ज्याला शास्त्र अवगत आहे त्यानेच हात लावावा, ही दृष्टी आपलीच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय धोरणानेही पारंपरिक कारागिरांच्या कौशल्याला मान दिला आहे. जपानकडे पाहा. इसे येथील शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी, सुमारे तेराशे वर्षांच्या रिवाजाने, नव्याने बांधले जाते. याआधीचे बांधकाम २०१३ मध्ये झाले. त्यामुळे प्रत्येक पिढीतील सुताराला आपल्या गुरूबरोबर प्रत्यक्ष काम करता येते. इमारतीचे लाकूड बदलते. विद्या मात्र खंडित होत नाही. आपल्याकडे नेमके उलटे झाले. दगड उभे आहेत. चुना मळणारे, चिरा घडवणारे पाथरवट आणि बेलदार मात्र पोटासाठी शहरातल्या सिमेंटच्या कामांवर गेले.

संवर्धन केवळ भिंतींचे नसते, हेही ध्यानी घ्यावे. युनेस्कोने १९९२ मध्ये सांस्कृतिक भूदृश्य हा वारशाचा स्वतंत्र प्रकार मान्य केला. माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेली भूमी, असा त्याचा अर्थ. आपल्याला हे नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांबरोबर पाण्याची टाकी आणि झाडांची जपणूक यांचाही विचार आला आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून दाखवला, की लोकांच्या श्रद्धेने किती वनसंपदा राखली आहे. गडाची माची, पायथ्याचे गाव, तिथली देवराई, घाटवाट आणि गडकऱ्यांच्या वंशजांच्या आठवणी हे सारे मिळून गड होतो. पायथ्याशी डोंगर फोडून विश्रामगृहे उभी राहिली, तर वर तट शाबूत राहूनही गड हरवेल.

कुणी विचारील, शिक्षण पूर्ण होईपर्यंत गड ढासळू द्यायचे काय? मुळीच नाही. तुंबलेले पाण्याचे मार्ग खात्याच्या मार्गदर्शनाखाली मोकळे करणे, कचरा उचलणे, कललेल्या भिंतीची तातडीने वर्दी देणे, दर पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून छायाचित्रे घेणे, ही कामे आजही करता येतात. पाणी हा गडाचा पहिला शत्रू. त्याची वाट सांभाळली तरी अर्धे काम झाले.

परंतु दीर्घकालीन उत्तर शिक्षणातच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे अध्यापन १९३९ पासून चालत आले आहे, डॉ. सांकलियांसारख्या ऋषितुल्य संशोधकाने ते नावारूपास आणले. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात वास्तुसंवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. ग्रेटर नोएडा येथे पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची पुरातत्त्व संस्था आहे. दारे उघडी आहेत. आपल्या घरांतून तिकडे जाणारी मुले मात्र मोजकी आहेत. मुलगा अभियंता किंवा संगणकतज्ज्ञ व्हावा, असे प्रत्येक मध्यमवर्गीय आईवडिलांना वाटते. त्यांतील एखाद्या तरी घराने मुलीला वा मुलाला दगड, चुना आणि मोडी लिपी यांच्या अभ्यासाला पाठवावे, अशी माझी प्रार्थना आहे. हीदेखील राष्ट्रसेवाच आहे.

कार्यकर्त्यांना तीन कामे सुचवतो. आपल्या तालुक्यातील प्रत्येक गडाची, विहिरीची, वीरगळाची मोजमाप आणि छायाचित्रांसह नोंदवही तयार करावी. परिसरातील वृद्ध गवंडी-पाथरवटांना शोधून त्यांच्याजवळची विद्या तरुण गवंड्यांना मिळेल आणि त्या कामाला योग्य मजुरी मिळेल, असा प्रयत्न करावा. आणि प्रत्येक गटाने दोन तरुणांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. एका उत्सवाच्या मांडवावर आपण जेवढे खर्च करतो, त्यातून एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाला मोठा हातभार लागेल.

महाराजांनी हिरोजी इंदुलकरांसारख्या जाणत्या माणसावर रायगडाचे बांधकाम सोपवले. गुणी माणूस हेरणे आणि त्याच्या हाती काम देणे, ही राजनीतीच होती. ते गड राखायचे, तर तसे जाणते हात आपल्याला पुन्हा घडवावे लागतील. या पावसाळ्याआधी नोंदवहीचे पहिले पान लिहिले जावे, एवढेच मागणे आपल्यापुढे ठेवतो आणि थांबतो.