बांबूचं इस्पितळ

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पाड्यांवर आशाताई औषधं घेऊन दारी येते. तसंच काम बांगलादेशात स्वातंत्र्ययुद्धातून रुजलं. १९७१ साली इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सेचं शिक्षण घेणारे डॉ. जफरुल्ला चौधरी परीक्षा सोडून मायदेशासाठी निघाले, सोबत त्यांचे सहकारी डॉ. मोबिन. सीमेच्या अलीकडे, आपल्या त्रिपुरातल्या मेलाघरला ४८० खाटांचं इस्पितळ उभं राहिलं. भिंती बांबूच्या, छप्पर गवताचं. परिचारिका कुठून आणायच्या? मग साध्या मुलींनाच मलमपट्टी अन् इंजेक्शन शिकवलं. विलायतेत शिकलेल्या डॉक्टरांनी बिनपदवीच्या हातांवर भरवसा टाकावा, ही मोठीच गोष्ट! पुढे ढाक्याजवळच्या सावरला त्यांनी 'गणस्वास्थ्य केंद्र' काढलं. तिथल्या मुली सायकलवरून गावोगाव तपासणीला जाऊ लागल्या.